टॉमच्या घरातली बाई आणि बंड्याचा संताप

विषय काढला मन्यानं. पोराला जुना ‘टॉम अँड जेरी’ लावून दिला, तर आधी सूचना आली: यातल्या काही चित्रणात त्या काळचे वंशद्वेषी पूर्वग्रह आहेत. झालं, बंड्या पेटला.

“आता मांजर-उंदरांतपण हे घुसवा! लहानपणी टोचलं का आपल्याला कधी?”

“तुला कशाला टोचेल?” सुमेधानं विचारलं. “त्यातली बाई आठवते तरी का?”

“कुठली बाई? झाडू आठवतो.”

“तेच म्हणतेय. झाडू, सपाता, जाडजूड काळे पाय आणि ‘थॉमस!’ अशी आरोळी. १९४० ते १९५२ ही काळी कामवाली पडद्यावर होती. चेहरा दिसला तो १९५० च्या एका भागात, पत्त्यांचा डाव सोडून धावत घरी येताना. तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत! आवाज लिलियन रँडॉल्फचा, पण नामावलीत तिचं नाव नाही.”

“मग काढून टाकायची ना सरळ,” मन्या म्हणाला.

“काढलीच की! साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रंगवली आणि आयरिश ढंगाचा आवाज चिकटवला. अपमान झाकायला गेले आणि बाईच पुसली. रँडॉल्फची ती खणखणीत आरोळीही गेली. त्यापेक्षा सूचना लावून जसं होतं तसं दाखवा.”

मला हे शंभर टक्के पटतं. पुसून टाकलं की पुढच्या पोरांना वाटणार, असं काही घडलंच नव्हतं. आणि त्या बाईला आवाज देणारी काळी अभिनेत्री दुसऱ्यांदा नाहीशी होणार.

अण्णांनी स्पीडी गोन्झालेस या कार्टूनमधल्या मेक्सिकन उंदराचा विषय काढला. अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं १९९९ मध्ये त्याला बाजूला ठेवलं होतं. त्याचे मित्र आळशी, दारुडे दाखवलेत म्हणून. “पण तिथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या संघटनेनंच आग्रह धरला, आमचा उंदीर आम्हाला परत द्या. २००२ मध्ये आला परत.”

“बघा!” बंड्या टपरीच्या बाकावर उभाच राहिला. “त्यांना चालतं!”

“त्यांना चालतं हे त्यांनी सांगितलं, बंड्या. तू नाही,” सुमेधा म्हणाली. “आणि हिंदी पिक्चरमधली कामवाली दर वेळी मराठीच का, म्हणून थिएटरात कोण ओरडलं होतं? डोअरकीपरनं बाहेर काढलं तुला. माझं पण तिकीट वाया गेलं.”

“तो अस्मितेचा प्रश्न होता!”

“हो का? मग काळ्या माणसांना काय नुसती ॲसिडिटी होते?”

अण्णांना चहाचा ठसका लागला. बंड्या सूचना वाचण्यात किती वेळ फुकट जातो यावर बोलू लागला, पण मन्याच्या मनात भलतंच होतं.

“सुमे, याला चेहरा न मिळण्याचं दुःख ठाऊक आहे बरं का. गणपतीतल्या नाटकात मी याला विंगेतून नुसता आवाज द्यायला लावला, तर वर्षभर माझ्याशी बोलला नाही.”

“आवाज नव्हता तो,” बंड्या उसळला, “आकाशवाणी होती! मध्यवर्ती भूमिका!”

“एकच वाक्य होतं. तेही विसरलास,” अण्णा म्हणाले.

“विसरलो नव्हतो! माईक बंद होता!”

टपरीवाला आतून ओरडला, “माईक चालू होता. घोरणं आलं सगळं!”