पाळणा न्यू जर्सीत, घुगऱ्या सांगलीत

लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत आणि माझं तिकीट एप्रिल २०२० चं. व्हिसा झाला, डिंकाचे लाडू झाले. बाळंतशेपा, ओवा, अळीव, जुन्या सुती साडीची दुपटी, सगळं बॅगेत नीट बसलं. आणि मार्चच्या शेवटी विमानंच बसली. जमिनीवर.

बॅग दिवाणाखाली गेली. लाडू किती टिकणार, म्हणून हे रोज एकेकाला खराब होण्यापासून वाचवू लागले. बाळंतीण तिकडे ओट्स खात होती आणि इकडे ह्यांच्या लेंग्याची नाडी पुरेना.

जूनमध्ये नातू झाला. बारसं ऑनलाइन ठरलं. तिकडचे सकाळचे दहा, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. वेळेचं काही नाही हो, प्रश्न फोनचा होता. शिकवायला कुणाला घरात घेता येईना, म्हणून समोरच्या गॅलरीतला बारावीचा मुलगा तिथूनच ओरडायचा, "आजी, लाल बटण नाही! लाल नाही!" मीटिंगमध्ये कसं शिरायचं ते माझ्याआधी अख्ख्या गल्लीला पाठ झालं.

मी पैठणी नेसले. ह्यांनी वर इस्त्रीचा शर्ट घातला, खाली तोच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. "उठायचं नाही हं," मी बजावलं होतं. नातू दिसला आणि हे उठले. नाशिकच्या विहीणबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनी पाहिलंच.

पडद्यावर पुण्याच्या दिरांचा पंखा दिसत होता. स्वतः दीर खाली कुठेतरी असावेत. मिरजेच्या नणंदबाईंनी सवयीप्रमाणे फोन कानाला लावलेला, त्यामुळे बारसंभर आम्हाला त्यांची कुडी दिसली. मोत्याची. नवी होती.

पाळणा म्हणायला बायका सरसावल्या. आवाज प्रत्येकीकडे मागेपुढे पोचतो हे कुणाला ठाऊक? पुणं पहिल्या दिवशी होतं, नाशिक तिसऱ्या, आणि नणंदबाई एकट्याच पाचव्या दिवसावर पोचलेल्या. 'जो जो रे' मात्र कुठून ना कुठून अखंड चालू. बाळ शहाणं, झोपून गेलं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करायला तिकडे माणसं दोनच. पाळण्याखालून बाळ देताना जावई अर्धे कॉटखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ठाण्यात. फोन बाळाच्या कानाशी नेला. आत्याचे ओठ हलले, आवाज नाही. "माइक! माइक!" सगळे एकदम ओरडले, गॅलरीतला मुलगासुद्धा. आत्यानं माइक चालू केला, "कुर्र" म्हणाली, आणि फुकटच्या मीटिंगची चाळीस मिनिटं संपली. पडदा काळा.

परत जोडले गेलो तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. "आई, नाव कसं वाटलं?" लेकीनं विचारलं. "छान आहे गं. वेगळं आहे," मी म्हणाले. हल्ली सगळीच नावं वेगळी असतात, त्यामुळे यात धोका नसतो.

पण खरं सांगू? कार्यात मला जे बघायचं असतं ते कॅमेरा दाखवतच नाही. तो आपला पाळण्यावर रोखलेला. आहेर कुणी काय दिला, कोण कुणाकडे पाठ करून बसलंय, हे मागच्या खोलीत कळतं. पुढच्या एप्रिलात तर सरकारनं लग्नसुद्धा २५ माणसांत आणि दोन तासांत उरकायला सांगितलं. आमच्याकडे दोन तासांत व्याह्यांचा चहादेखील होत नाही.

ती मागची खोली रात्री उघडली. विहीणबाईंचा फोन आला. मी घुगऱ्यांची वाटी घेऊनच बसले. नणंदबाईंनी कुडी कधी केली, पुण्याच्या छताला ओल किती आलीय, सगळं सविस्तर झालं. लेंग्याचा विषय त्यांनी काढला नाही, बाई सुसंस्कृत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नका. नाव काय हो ठेवलं?"

"अहो, तुमच्या लेकीनंच ठेवलं की!"

"तेच ना. तिला मघाशी म्हणाले, फार गोड आहे नाव. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

"मी तुम्हाला विचारणार होते," मी म्हटलं.

बराच वेळ दोघी हसलो. मग ठरलं, तिकडून काही लेखी येईपर्यंत दोघींनी त्याला सोन्या म्हणायचं. आणि ह्यांना यातलं काही सांगायचं नाही, लगेच ग्रुपवर टाकतील.