एवढ्याने काय होतंय म्हणे!

आधी हिशोब मांडू. तो मांडल्याशिवाय मुलाच्या हातात बिस्किट-चॉकलेट ठेवताना म्हटलं जाणारं ‘अहो, एवढ्याने काय होतंय?’ हे वाक्य काही थांबत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण तेराशे-चौदाशे कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस हे सगळं धरून त्यातली ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास पाच. म्हणजे या मुलाची दिवसाची हद्द सुमारे ३४ ग्रॅम, आणि खरं तर १७ ग्रॅमच बरी. आता बघा. सकाळी दुधात दोन मोठे चमचे (सुमारे २० ग्रॅम) चॉकलेटी पावडर. डब्यावर शंभर ग्रॅममागे ३५-४० ग्रॅम साखर लिहिली असेल तर ७-८ ग्रॅम तिथेच गेले. मधल्या सुट्टीत क्रीमची चार बिस्किटं, वजन ४० ग्रॅम, साखर आणखी १२-१३ ग्रॅम. संध्याकाळी बागेत कुणी तरी ‘फळांचाच रस आहे की’ म्हणत हातात ठेवलेला २०० मिलीचा खोका, शंभराला १२ ग्रॅम या दराने २४. बेरीज ४३-४५. वाढदिवसाचा केक आणि कुणाच्या पर्समधलं चॉकलेट यात अजून धरलेलंच नाही. प्रत्येकाने ‘एवढंसंच’ दिलंय, पण खाणारं मूल एकच आहे ना?

आणि हे सगळं खपतं ते पुडक्याच्या दर्शनी बाजूवर. नाचणीची शक्ती, मल्टिग्रेन, आईच्या हातची चव! उलटं करा ते पुडकं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे, जे जास्त ते आधी. ज्या घटकाचं नाव पुढे मिरवलंय त्याचा टक्काही द्यावा लागतो. मैदा पहिला, साखर दुसरी, पाम तेल तिसरं आणि नाचणी कुठे तरी तळाशी जेमतेम काही टक्क्यांत निघाली, तर त्याला नाचणीचं बिस्किट म्हणायची लाज वाटायला हवी छापणाऱ्याला. साखरही एका नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, खजूर सिरप असे तुकडे केले की एकही यादीत वर चढत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) तर साखरेच्या आकड्यात धरलंही जात नाही, पण रक्तातली साखर तितक्याच झपाट्याने वाढवतं. ‘प्रति सर्व्ह’चा रकाना बघूच नका, तो सर्व्ह किती ग्रॅमचा हे कंपनीच ठरवते. शंभर ग्रॅमचा रकाना बघा. सोडियमचा आकडा अडीचने गुणा म्हणजे मीठ किती ते कळतं. चिप्स आणि झटपट नूडल्सच्या पुडक्यावर हा गुणाकार एकदा करून बघाच.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की दुधात घालायच्या या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आटवलेल्या रसात पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसांवरचं ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे काढायला लावलं. चांगलं केलं. पण तोवर किती मुलांना ते दूध आणि तो रस टॉनिक म्हणून पाजला गेला, त्याचं काय?

आता रंग. घटकांच्या यादीत प्रत्येकाचा ठरलेला क्रमांक असतो: टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पॉन्सो ४आर १२४. हे आकडे पाठ करा, कारण जेली, गोळ्या, रंगीत शेव, क्रीमची बिस्किटं, केकवरची फुलं, सगळीकडे हेच भेटतात. २००७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असे रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) मिसळलेलं पेय दिल्यावर चंचलपणा वाढलेला दिसला. सगळ्या मुलांत नाही, सारखा नाही, परिणाम फार मोठाही नाही. पण तेवढ्यावर युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांसाठी पुडक्यावर इशारा सक्तीचा केला की याने मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. वरचे चारही त्या सहांत आहेत. आपल्याकडे हे चारही चालतात, किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत, आणि पुडक्यावर बारीक अक्षरात एवढंच की मान्यताप्राप्त कृत्रिम रंग आहे. ‘मान्यताप्राप्त’ वाचून लोक निर्धास्त होतात! सुट्या मालाला तर तेवढाही आधार नाही. २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने बुढ्ढी के बाल विकायलाच बंदी केली, कारण त्यात रोडामाइन बी निघालं. तो कापड रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला कुठल्याच प्रमाणात परवानगी नाही. जत्रेत गुलाबी पिशवी दिसली की हे आठवायला नको?

दुसऱ्या बाजूचाही तितकाच वैताग आहे. ग्रुपवर ‘हे नंबर म्हणजे डुकराची चरबी’ असले फॉरवर्ड फिरवणाऱ्यांनी खऱ्या धोक्याची किंमत घालवली आहे. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ५०० म्हणजे खायचा सोडा, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ४४० म्हणजे पेक्टिन, ३२२ म्हणजे बहुतेक वेळा सोयाचं लेसिथिन. यांना घाबरून उपयोग नाही. दिसेल त्या आकड्याला विष म्हटलं की १०२ दाखवल्यावरही लोक हसण्यावारी नेतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती बोरन्हाणाची. कारण हा आपला सण आहे आणि तो आपणच नासवतोय. संक्रांतीनंतर बाळाला हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून त्या ऋतूतला मेवा ओतायचा: चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, गाजराचे तुकडे, रेवड्या. आता ओततात काय? रंगीत गोळ्या, जेलीच्या बाहुल्या, एक्लेअर्स, चमकत्या कागदातली चॉकलेटं. लुटायला आलेली दहा-पंधरा पोरं मुठी भरभरून ते तोंडात कोंबतात आणि मोठी माणसं व्हिडिओ काढतात. शिवाय ज्याचं बोरन्हाण आहे ते मूल वर्षा-दीड वर्षाचं असतं! कडक गोळी किंवा जेलीचा गुळगुळीत तुकडा त्याच्या श्वासनलिकेत अडकला तर? (शेंगदाणा आणि बोराची आठोळीही अडकते. म्हणून ओतून झालं की लहानग्याला लगेच उचलून बाजूला घ्यायचं आणि त्याच्यासाठी वेगळी वाटी ठेवायची: चुरमुरे, मऊ शिजवलेलं गाजर.) अर्धा किलो चुरमुरे आणि किलोभर बोरं महाग आहेत का? नाहीत. फोटोत रंग दिसत नाहीत, एवढीच अडचण आहे.

मग ठेवणीतला प्रश्न येतो: घरी करायला वेळ कुणाला आहे? घ्या, शेंगदाण्याची चिक्की वीस मिनिटांत होते. एक वाटी खमंग भाजून सोललेले दाणे, पाखडून डाळ केलेले. पाऊण वाटी चिक्कीचा गूळ आणि एक चमचा तूप. गूळ मंद आचेवर वितळवायचा, पाणी घालायचं नाही. फेस येऊन रंग गडद झाला की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा. थेंब दाबल्यावर वाकला तर पाक कच्चा आहे, चिक्की दातांना चिकटणार. कट्‌ असा आवाज होऊन मोडला की झालं, त्यापुढे अर्धा मिनिट गेला तरी कडू होते. लगेच दाणे घालून, तूप लावलेल्या पोळपाटावर तूप लावलेल्या लाटण्याने पातळ लाटायची आणि गरम असतानाच कापायची. गार झाल्यावर कापायला गेलात तर चुरा होतो. साधा गूळ वापरला तर हमखास नरम पडते, आणि पावसाळ्यात हवेचं पाणी ओढून आणखी चिकट. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे दाणे नाहीत, जाडसर कूट घालायचं.

नाचणीचे लाडू बिघडतात ते भाजण्याच्या घाईने. दोन वाट्या बारीक दळलेलं पीठ आणि पाऊण वाटी तूप घेऊन, मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं, पीठ हलकं होऊन वास सुटेपर्यंत. कच्चं राहिलं तर टाळूला चिकटतं आणि मूल पहिल्याच घासाला तोंड फिरवतं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ लवकर करपतं, तिथे आच आणखी कमी ठेवायची. एक वाटी चिरलेला गूळ पीठ कोमट झाल्यावरच. गरमात घातला की वितळतो आणि लाडू गार झाल्यावर दगड होतात. वाटीभर गूळ म्हणजे साधारण १५० ग्रॅम. वीस लाडू झाले तर लाडवामागे साडेसात ग्रॅम. हे मोजायचं! वरच्या हिशोबात हेही येतं. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असं सांगून केकच्या घाण्यात पाव किलो गूळ ओतणारे व्हिडिओ पुडकेवाल्यांइतकेच फसवतात. गुळात लोह आणि खनिजं थोडी आहेत, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे. आणि पिवळाधमक, गोरापान गूळ तर घेऊच नका, तो रंग बहुधा हायड्रॉस नावाच्या रसायनाने विरंजन करून आणलेला असतो.

सॉसचं तर विचारूच नका. पोळी, पराठा, उपमा, प्रत्येक घासाला सॉस, आणि बाजारच्या बाटलीत चौथ्या हिश्शापर्यंत साखर. लांबट, गराचे, पिकून लाल झालेले टोमॅटो एक किलो घ्या. त्यात बिटाच्या दोन चकत्या, चार लसूणपाकळ्या, बोटभर दालचिनी, चार लवंगा. झाकून पंधरा मिनिटं शिजवा, दालचिनी-लवंग काढा, वाटा, गाळा आणि पसरट स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास आटवा. लोखंड, तांबं किंवा अॅल्युमिनियम नको, आंबटाने चव बिघडते. बशीत थेंब टाकून बशी तिरकी करा. कडेने पाणी सुटलं तर अजून आटवा. शेवटी तीन चमचे गूळ, एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे व्हिनेगर. उकळून पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत गरमच भरा. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. ओला चमचा घातला की बुरशी आलीच समजा, आणि बुरशी आली की वरचा थर काढून भागत नाही, सगळा टाकायचा. बाजारचा उघड्यावरही महिनोन्‌महिने टिकतो तो ज्यामुळे, ते २११, म्हणजे सोडियम बेन्झोएट, यात नाही, म्हणून हा टिकत नाही. टिकू नये हेच बरोबर आहे.

बिटाचा रंग केकात किंवा ढोकळ्यात तपकिरी होतो अशी तक्रार करत लोक पुन्हा बाटलीतल्या रंगाकडे वळतात. सोड्याने तो जातो आणि जास्त वेळ तापवल्यानेही जातो. लिंबू पिळा, सोडा कमी करा, नाहीतर बिटाचा रस नुसत्या वरच्या चक्क्याला वापरा. हळद आणि सोडा एकत्र आले की लाल डाग पडतात. एवढं माहीत असलं की पुरे.

हे सगळं करूनही दोष कुणाला? आईला. ‘फार कडक आहे बाई’, ‘मुलाला काही खाऊच देत नाही’. बाबांना कुणी काही म्हणत नाही, आणि बाबा स्वतः संध्याकाळी येताना पुडकं घेऊन येतात.

शाळांचं काय सांगावं! एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमाप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. फलक लागतात. त्याच भिंतीला टेकून टपरी असते, आणि फलकाखाली उभं राहून वर्गातली मुलं वाढदिवसाच्या टॉफ्या वाटतात. शाळेने एक ओळीची सूचना काढावी: वाढदिवसाला खायचं काही आणायचं नाही, पेन्सिल, खोडरबर, रोपाची कुंडी, जे हवं ते आणा. इतकी साधी गोष्ट पालकांना दरवर्षी पालकसभेत हात वर करून मागावी लागते आणि दरवर्षी ‘बघू’ असं उत्तर मिळतं.

आणि ज्यांना प्रेमाने द्यायचंच आहे त्यांनी आधी विचारा. मुलाच्या समोर पुडकं काढून, त्याने हात पुढे केल्यावर, ‘देऊ ना?’ असं नाही. त्या क्षणी नाही म्हणणारी आई वाईट ठरते आणि मूल रडतं. आदल्या दिवशी फोन करा, दारात बाजूला घेऊन विचारा. केळं आणा, पेरू आणा, घाटे आणा. पोराला मांडीवर घेऊन ते सोलून द्यायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ काढा.