देव आठ, क्रम आत्याचा

अष्टविनायक पुणे, रायगड आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले आहेत. नकाशा समोर ठेवला तर कोणीही शहाणा माणूस एक सुटसुटीत फेरी आखेल. आमच्या घरात नकाशा माझ्याकडे असतो आणि शास्त्र आत्याकडे. शास्त्रोक्त क्रम असा: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. 'हा क्रम लावणाऱ्याला डिझेल भरावं लागत नसणार,' एवढंच मी बोललो. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि नकाशाची घडी झाली.

पुढची सीट बाबांची, कारण गुडघे. मध्ये आई, आत्या आणि बायको. मागे दोन्ही पोरं, बॅगा आणि दशम्यांचा डबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना देवळापेक्षा देवळाजवळच्या नदीत जास्त रस. मोरगावला आम्ही मनोरे आणि गणपतीसमोर बसलेला नंदी बघत होतो, तेव्हा हे कऱ्हेत पाणी किती याची चौकशी करत होते. सिद्धटेकचा गणपती आठांमध्ये एकटाच उजव्या सोंडेचा, म्हणून सोवळं कडक. त्यात देऊळ टेकडीला लागून, म्हणजे प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला. आत्या निघाली. मागोमाग आम्ही. बाबा भीमेच्या काठी सावलीत थांबले.

खरी कसोटी पुढे होती. सिद्धटेकहून पालीला जायचं म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर, आणि वाटेत सोलापूर रस्त्यावर थेऊर फाटा लागतो. चिंतामणी तिथून हाकेच्या अंतरावर. मी इंडिकेटरही दिला होता.

"कुठे वळतोस?"

"थेऊर, आत्या. आलोच आहोत तर..."

"थेऊर पाचवं. आत्ता तिसऱ्याला चाललोय आपण. इथूनच हात जोड."

सगळ्यांनी हात जोडले. माझे स्टिअरिंगवर होते म्हणून मला मान लववण्याची सवलत मिळाली. मग पुणे, मग घाट. घाटात धाकटीला गाडी लागली. लिंबू, आवळा सुपारी, प्लास्टिकची पिशवी असा सगळा शास्त्रोक्त क्रम तिथेही पाळला गेला.

पालीला रांगेत बराच वेळ उभे राहून गाभारा दिसू लागला, तोच आत्याला आठवलं की आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं असतं. रांग सोडली. परत आलो तेव्हा शेवटचा माणूस मी होतो. देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी 1739 च्या वसईच्या विजयानंतर दिलेली. "म्हणजे लुटीतली?" थोरल्यानं मोठ्यानं विचारलं. पुढचे चार जण वळून बघू लागले. आईनं त्याच्या तोंडात दशमी कोंबली.

महडचा पत्ता फोनमध्ये धाकटीनं घातला. फोनमधली बाई ठाम आवाजात 'डावीकडे वळा' म्हणत राहिली आणि मी वळत राहिलो. बाबा मात्र खिडकीतून बघत अस्वस्थ होत होते.

"खोपोलीकडे जाताना पाताळगंगा लागायला हवी. ही अजून आंबाच आहे."

पाटबंधारे खातं या वयातही आपल्याला सोडत नाही, असं म्हणून आम्ही हसलो. वाकण फाट्यावर गोव्याची पाटी दिसली तेव्हा हसू थांबलं. फोन आम्हाला चवदार तळ्याच्या महाडला घेऊन निघाला होता. तेही दर्शन घेण्यासारखंच ठिकाण, पण आत्याच्या यादीत नव्हतं. गाडी वळवली. बाबा त्यानंतर रात्रीपर्यंत काही बोलले नाहीत, नुसते प्रसन्न दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढून थेऊर. फाट्यावर मी इंडिकेटर जरा जास्तच वेळ चालू ठेवला. मग लेण्याद्री. तिथे पायऱ्या तीनशेच्या आसपास आणि खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट, कारण गणपती आहे तो मूळच्या बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात. आत्या खिडकीशी हुज्जत घालून आली, "आम्ही लेणी बघणारच नाही, फक्त गणपती बघू." तिकिटं माझ्याच पाकिटातून निघाली. डोलीवाल्यांनी तिला गाठलं, तर ती म्हणाली, "माझ्या पुतण्याला न्या, त्यालाच दम लागलाय." आणि खरोखर दोघे जण माझं वजन अजमावू लागले. वर माकडानं बायकोच्या हातातला नारळ नेला. तो गणपतीलाच पोचला असेल, असं आत्या म्हणाली.

ओझर अगदी जवळ, म्हणून पटकन झालं. रांजणगावला पुजाऱ्यांनी सांगितलं की मूळ मूर्ती दहा सोंडांची आणि वीस हातांची असून ती तळघरात आहे, अशी समजूत आहे. "मग आपण कोणाला भेटलो?" थोरल्यानं विचारलं. या वेळी दशम्या संपल्या होत्या, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला.

गाडीत बसलो. पुण्याची पाटी दिसली, मी वेग वाढवला.

"अरे, यात्रा पुरी कुठे झाली?" आत्या म्हणाली. "परत मोरगावला जाऊन पहिल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, तेव्हा पुरी."

मी आरशात पाहिलं. आई झोपलेली, बायको झोपलेली, पोरं एकमेकांवर कलंडलेली. बाबा तर घोरत होते.

"विचार हवं तर सगळ्यांना," आत्या म्हणाली. थोडा वेळ थांबली. "बघ, कोणाची काही हरकत नाही. घे वळवून."