गाडी उजवीकडंच टायर खाती, ती का?

तालमीच्या कट्ट्यासमोर अमोलची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मेन स्टँडला उभी, आणि दिग्यानं सहज पुढच्या टायरवर तळहात फिरवला. एका दिशेनं हात गुळगुळीत गेला. उलटा फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी बोटाला लागली. वर टायरचा उजवा अंग डाव्यापेक्षा उघड चपटा. तिथनं जे सुरू झालं ते चहाच्या दोन फेऱ्या पुरलं.

"कॅम्बर," दिग्यानं निकाल देऊन टाकला. "रस्ता मधी उंच, कडंला उतरता. आपण डावीकडनं चालवतोय, म्हंजे गाडीच्या उजव्या हाताला रस्ता उंच. टायर उजवीकडंच घासणार."

ऐकायला पटतं, आणि दिशाही बरोबर आहे. पण संभानं खडू काढला. "डांबरी रस्त्याला उतार किती? शंभराला दोन, लई झालं तर अडीच. हा टायर शंभर मिमी रुंद, आडव्या छेदात गोलाईची त्रिज्या पन्नास धर. पन्नासच्या दोन टक्के किती?"

"एक मिलिमीटर."

"एक! रस्त्याला टेकणारा पट्टाच तीस-चाळीस मिमी रुंद. त्यो एक मिमी सरकून काय घासणार? आता घाटातलं वळण घे. त्रिज्या तीस मीटर, वेग चाळीस. गाडी तेवीस अंशाच्या आसपास कलती. टेकायची जागा मधनं वीस मिमी सरकती. एक कुठं आणि वीस कुठं."

"पण घाटात जाताना जे वळण उजवं, ते येताना डावं. हिशेब फिटला की," दिग्या सोडेना.

फिटत नाही, आणि खरी मेख इथंच आहे. आपण डाव्या बाजूनं चालतो म्हणून उजवं वळण नेहमी बाहेरून, मोठ्या त्रिज्येनं घेतो. चौकात डावीकडं वळायला पाचेक मीटरची त्रिज्या, म्हणजे आठ मीटर अंतर. उजवीकडं वळायला बारा मीटरची त्रिज्या, म्हणजे एकोणीस. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणीच्या पुतळ्याला वळसा घालताना पुतळा कायम उजव्या हाताला, गाडी कायम उजवीकडं कललेली. घाटात आतल्या आणि बाहेरच्या लेनमधला फरक फार नसतो, पण बाहेरच्या लेनमधून पुढचं लांबवर दिसतं, त्यामुळं उजव्या वळणात माणूस जास्त वेग ठेवतो, जास्त कलतो आणि कललेला असतानाच पुढचा ब्रेकही चाटवतो. डाव्या वळणात डोंगराची कड आडवी येते, तिथं तो आधीच घाबरून हळू असतो. जिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात त्या देशांत पुढच्या टायरची डावी बाजू आधी जाते, तेही याच हिशेबानं.

"मग डिस्क?" अमोलनं विचारलं. "डिस्क एकाच अंगाला हाय. ब्रेकचा ताण त्या अंगाला जास्त, म्हणून टायर तिरका."

आण्णा तोवर गप्प होते. चाळीस वर्षं गाड्या खोललेला माणूस, घाईनं बोलत नाहीत. "चाक एकसंध असतंय रे. डिस्क डावीकडं धरली काय आणि उजवीकडं धरली काय, चाक फिरायचं थांबतंय ते ॲक्सलभोवती. टायर जिथं रस्त्याला टेकलाय तिथं ब्रेक कुठल्या अंगाला बसवलाय हे त्याला कळत न्हाई. ड्रमच्या गाड्यांचा टायर बी उजवीकडंच जातोय, ते बघितलं न्हाईस?"

मग त्यांनी डब्यातला व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे भाग मोजायची पट्टी, काढला आणि त्याची शेपटी नक्षीच्या खाचेत घातली. मध्ये ३.२ मिमी, डाव्या खांद्याला (नक्षीच्या डाव्या कडेला) २.९, उजव्या खांद्याला २.१. चाक पाव फेरी फिरवून पुन्हा तेच, असं चार जागी. उजव्या खांद्यावर चार जागी चार आकडे आले: २.१, १.४, २.३, १.५.

"हे बघा," आण्णा म्हणाले. "इथं दोन रोग हायत, तुम्ही एकच समजून भांडताय. उजवा अंग जास्त झिजलाय, त्यो रोगच न्हवं. वळणं घेतली की तसं व्हायचंच. पण एकाच खांद्यावर जाग्याजाग्याला वाट्या पडल्यात, ते गाडीचं दुखणं. टायर रस्त्याला चिकटून चाललेला न्हाई, उड्या मारत चाललाय. उडी मारून जिथं आदळतोय तिथं घासतोय. एकदा वाटी पडली की पुढची उडी बी तिथनंच."

हे कट्ट्यावरच्या बहुतेकांच्या डोक्यातून सुटतं. तिरकी झीज आणि वाट्या यांत गल्लत केली, की माणूस नवा टायर बसवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच टायर तसाच खाल्लेला बघतो.

चालवताना दोन्ही वेगळे जाणवतात. अमोलचं गाऱ्हाणं होतं की डावीकडं गाडी लोण्यासारखी वळते, उजवीकडं आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. ती तिरक्या झिजेची खूण. नव्या टायरचा आडवा छेद गोल असतो, म्हणून कलताना टेकायची जागा सावकाश सरकते. उजवीकडं चपटा पट्टा तयार झाला की मधला भाग आणि तो पट्टा यांच्यात कड पडते. कडेवर येईपर्यंत गाडी रेटा मागते, कड ओलांडली की धपकन झुकते. मागचा टायर मध्ये सपाट झालेला असेल तर हे दुप्पट जाणवतं, कारण मागचा उभा राहायला बघतो आणि पुढचा पडायला. सगळा दोष पुढच्यावर टाकण्याआधी मागचाही बघावा.

वाट्यांची खूण निराळी. कललं की घूं-घूं आवाज, आणि थ्रॉटल सोडून वेग उतरताना साठ ते पन्नासच्या दरम्यान हँडल थरथरतं. "पण सत्तरला गप बसतंय," अमोल म्हणाला. "खराब टायर असंल तर सत्तरला जास्त हलाय नको?"

संभाचा खडू परत निघाला. पुढच्या टायरचं माप १००/९०-१९, त्याचा परीघ सुमारे २.०८ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला आठ फेऱ्या. हँडल, शॉकअप आणि चाक मिळून गाडीच्या पुढच्या भागाची थरथरण्याची स्वतःची लय सेकंदाला साधारण ४ ते १० च्या मध्ये कुठंतरी असते. फेऱ्यांचा ठोका त्या लयीशी जुळला की झोका वाढत जातो. सत्तरला ठोका लयीच्या पुढं निघून जातो, म्हणून शांत वाटतं. टायर तोच, वाट्या त्याच.

"दोन्ही हात सोडले की नीट कळतंय," दिग्या म्हणाला.

"कळतंय, आणि मग दवाखान्यात बी कळतंय," आण्णा तडकले. "हात सोडायचे न्हाईत. मूठ सैल, कोपर ढिलं, थ्रॉटल हळूहळू कमी. हँडल आवळून धरलं किंवा पुढचा ब्रेक दाबला तर थरथर वाढती."

मग अमोलची आयडिया: टायर काढून उलटा बसवायचा, म्हणजे झिजलेला अंग डावीकडं जाईल. ऐकायला झकास. पण टायरच्या कडेवर बाण असतो. वरच्या रबराच्या पट्ट्याचा सांधा तिरका कापून जोडलेला असतो, आणि पुढच्या टायरला मुख्य ताण ब्रेकचा, म्हणून तो सांधा त्या दिशेला बेतलेला. उलटा बसवला तर तोच ताण सांधा उचकटायला बघणार. पावसात पाणी बाहेर फेकणारी नक्षीही उलटी होते. बाण असलेला टायर उलटा बसवायचा नाही, इतकं साधं.

"बरं, पण चेन ताणताना मागचं चाक तिरकं बसलं असंल तर?" दिग्याचा शेवटचा पत्ता. हा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नव्हता. मागचं चाक तिरकं असेल तर गाडी सरळ जाताना किंचित कललेली राहते. ते बघायला गॅरेज लागत नाही, फुलवाल्याकडची सुतळी लागते. जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर मागच्या टायरला सुतळी वेढायची आणि दोन्ही टोकं दोन्ही अंगांनी पुढं नेऊन ताणायची. ती मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या, दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. पुढचं चाक सरळ करून सुतळी आणि पुढचा टायर यांतली फट मोजायची. मागचा टायर १२० मिमी रुंद, पुढचा १००, म्हणून प्रत्येक अंगाला दहा मिमीच्या आसपास यायला हवी. आकड्यापेक्षा दोन्ही फटी सारख्या असणं महत्त्वाचं. अमोलच्या गाडीला डावीकडं १०, उजवीकडं ९ आली. दिग्याचा पत्ता कापला गेला, निदान या गाडीपुरता.

मग आण्णांनी उड्यांचं कारण शोधायला घेतलं. पहिली हवा. गेज लावला तर २४. या गाडीला पुढं ३२ पीएसआय, मागं एकट्याला ३२ आणि डबलसीटला ३६. तेही टायर थंड असताना मोजायचं. दहा-पंधरा किमी पळवून पंपावर गेलं की आकडा दोन-चारनं फुगतो. पंपावरच्या पोराला "दोन्हीकडं पस्तीस मार" असं सांगणं ही वेगळीच खोड. एखाद्या १५० सीसी पल्सरला पुढं २५ लागते, तिथं पस्तीस भरली की टायर दगड होतो आणि खडबडीत रस्त्यावर चेंडूसारखा उडतो.

मग पुढचं चाक उचलून शॉकअपची खालची टोकं धरून पुढं-मागं हलवलं. कटकट आली असती तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंग, ढिला. हँडल सावकाश फिरवलं. बरोबर मध्ये खाच लागली असती तर त्या बेअरिंगच्या गोळ्यांनी आपल्या बसायच्या कड्यात खड्डे पाडलेत, आणि ते आवळून बरं होत नाही, बदलावंच लागतं. दोन्ही ठीक निघालं. चाक वर-खाली धरून डुगडुगवलं, बेअरिंगही ठीक. आऱ्यांची रिम, म्हणून चिमट्याशेजारी पेन धरून चाक फिरवलं. आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, दोन मिमीच्या आत होता, तेवढा चालतो.

शेवटी चाक खाली टेकवून पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल अंगाच्या जोरानं खाली रेटून सोडलं. पुढचा भाग एकदा वर येऊन बसायला हवा होता. तो वर आला, खाली गेला, परत वर आला. आण्णांनी शॉकअपच्या डाव्या नळीवर बोट फिरवून पुढं केलं. बोटावर काळं तेल.

"सील गेलंय, नळीतलं तेल अडवणारं रबरी कडं. तेल कमी, म्हणून दम न्हाई. टायर बिचारा काय करणार?"

काम असं ठरलं: दोन्ही सील एकदम, दोन्ही नळ्यांत मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल मापानं सारखं, इंजिन ऑइल ओतायचं नाही. डिस्कच्या पॅडवर तेल आलंय का ते बघायचं, आलं असेल तर पॅड नवे. चाक परत बसवताना ॲक्सल आवळून शॉकअप चार-पाच वेळा दाबायचे आणि पिंच बोल्ट, म्हणजे ॲक्सलचं टोक आवळून धरणारा बोल्ट, त्यानंतर. पिंच बोल्ट आधी आवळला की नळी तिरकी अडकते, लहान खड्ड्याला शॉकअप हलतच नाही आणि वाट्या परत सुरू. मग नवा टायर, बाण बघून, बॅलन्स करून, पहिले दीडशे-दोनशे किमी घाटात मस्ती न करता.

"आणि नवा बी उजवीकडंच जाणार?" अमोल.

"जाणार की," संभा म्हणाला.

"कॅम्बरमुळं," दिग्या म्हणाला, आणि सुतळी गुंडाळायला लागला.