बेटावर बीच नव्हता

बेळगावकराला लागून दोन सुट्ट्या मिळाल्या की गाडी आपसूक गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागते. ठरवावं लागत नाही. ज्या गावातल्या एका चौकाचं नावच गोवावेस, त्या गावच्या माणसानं आणखी कुठं जायचं? आम्हीही वीस वर्षं तेच केलं. पहाटे निघायचं, जांबोटीला चहा, मग कणकुंबी, चोर्ला, साखळी, आणि ऊन तापायच्या आत वाळूवर. समुद्र, मासे, फोटो, काजू, परत. कितीदा गेलात असं कुणी विचारलं तर आकडा सांगता येणार नाही. काय पाहिलंत असं विचारलं तर त्याहून अवघड.

यंदा संक्रांतीला जोडून निघालो तेव्हा लेकीनं अट घातली, सायकली न्यायच्या. तिचंही बरोबर होतं. वाढदिवसाला घेऊन दिलेली सायकल वर्षभर जिन्याखाली उभी. मी शाळेत असताना शहापूरहून टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ओलांडून एकटी क्लासला जायची, गेट पडलं की एक पाय रुळाकडच्या दगडावर टेकून गाडी जाईपर्यंत गप्पा. आज त्याच रस्त्यावर चौदा वर्षांच्या पोरीला सायकलवरून सोडायला माझी छाती होत नाही. असो, तो विषय काढला तर वेगळी पोस्ट होईल.

सायकली न्यायच्या कशा हे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मामांनी सोडवलं. गोव्याच्या बाजारात सकाळी दिसणाऱ्या भाजीतली बरीचशी आदल्या रात्री बेळगावातून निघालेली असते, हे तुम्हाला माहीत आहेच. मामांचा टेम्पो रोज पणजीला जातो. "ठेवा की वर. कोबीला काय त्रास व्हतोय?" म्हणाले. तर आमच्या तीन सायकली कोबी-फ्लॉवरवर बसून रात्रीचा घाट उतरल्या आणि पहाटे मिरची-कोथिंबिरीच्या सोबत पणजी मार्केटात पोचल्या. नवऱ्याच्या गुडघ्याचं दुखणं जुनं, त्यामुळं तो सासूबाईंना घेऊन गाडीत. मी आणि दोन्ही पोरं सायकलवर.

आदल्या संध्याकाळी मिरामारला समुद्र झाला होता. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समुद्र चांगला होता, भेळ वाईट होती.

सकाळी पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या जुन्या बांधरस्त्यानं निघालो. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला हा रस्ता, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला मिठागरांचा पाणथळ पट्टा. गाडीतून हा तुकडा आम्ही शेकडो वेळा पार केला असेल, बहुतेक वेळा फोनमध्ये बघत. रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडी बेट. पायी माणसाला तिकीट नाही आणि सायकलचेही कुणी पैसे मागितले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मी गाडीतून उतरतो, मला वारा घ्यायचाय." (आमच्या भागात बायकाही 'उतरतो'च म्हणतात. मी इथं 'गेले' लिहिते, पण घरात 'गेलो'च बोलते. पुण्याच्या वहिनी अजून हसतात.)

बेटावर उतरल्यावर धाकट्यानं पहिला प्रश्न केला, "आई, बीच कुठाय?" बीच नाही रे, हे नदीतलं बेट आहे. तो एवढा खट्टू झाला की पहिला किलोमीटर त्यानं पॅडल मारायचंच नाकारलं, सायकल ढकलत आला. चूक माझी. घरात मी फक्त 'बेट' म्हटलं होतं, आणि दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात बेट म्हणजे नारळ, वाळू आणि खजिना.

मग खाजन शेतं लागली आणि तो आपोआप सायकलवर चढला. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही भातजमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं उघडते. मोटर नाही, वायर नाही. पोरगं अर्धा तास तिथं वाकून बसलं. पाणी फिरायची वाट बघायची होती त्याला. गाडीतून आलो असतो तर त्या मानशीशी ब्रेक लावायचं कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

बरं, हे पाणी कुणाचं? मांडवी. वर तिलाच म्हादई म्हणतात आणि ती उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. आमच्याकडं म्हादई म्हणजे कळसा-भांडुरा (हिचं पाणी मलप्रभेकडं वळवायची कर्नाटकाची योजना), मोर्चे, पाणीवाटपाच्या लवादाचा २०१८ चा निवाडा, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. मी आयुष्यभर ही नदी पेपरात वाचली. कणकुंबीवरून इतक्यांदा गेले, तिथं माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावून पूर्वेला जाते आणि जवळच्याच रानातलं पाणी पश्चिमेला गोव्यात उतरतं, हे शाळेत पाठ केलं होतं. पण फेरीच्या कठड्याला टेकून सासूबाई म्हणाल्या, "हे आपल्या रानातलं पाणी व्हय?" तेव्हा मलाही पहिल्यांदाच तसं वाटलं. पाणी वळवावं की नाही यावर माझं मत आहे, इथं मांडणार नाही, कमेंटमध्ये रणांगण होईल. एवढंच म्हणते की तावातावानं बोलणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी एकदा ही फेरी करावी.

बेटावरच्या पिएदाद गावाच्या चढावर माझी दमछाक झाली आणि लेकीच्या सायकलचं मागचं चाक बसलं. गाडी पुढं गेलेली, फोनला रेंज नाही. एका घराच्या सोप्यात बसलेले आजोबा उठून आले, बादलीत पाणी घेऊन ट्यूब बुडवली, बुडबुडे शोधले आणि स्वतःच्या डब्यातला पॅच लावला. "खंयचे तुमी?" बेळगावचे म्हटल्यावर हसले, आमच्या भाजीचं कौतुक केलं, भाव वाढल्याची तक्रारही केली. पैसे घेईनात. पिशवीत कुंद्याचा डबा होता, तो दिला.

नार्वेच्या टोकाला दुसरी फेरी आणि पलीकडं डिचोलीच्या बाजूला सप्तकोटेश्वर. देव मूळचा दिवाडीवरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, देव नदीपार गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद', म्हणजे सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला, असं बिरुद असायचं. आणि खानापूरजवळच्या हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे ना, जिथं आपण शाळेच्या सहलीला डबा खाऊन परत यायचो, ते याच कदंबांच्या काळातलं. हलशीचा राजा दिवाडीच्या देवाला मानायचा. आता राज्यं दोन, नदी एक, आणि आम्ही मधल्या मधे घाटात गाडी तापवत बसलेले.

परतीच्या फेरीत धाकट्यानं विचारलं, उद्या पुन्हा यायचं का. दुसऱ्या दिवशी समुद्राचा बेत होता. मतदान घेतलं. समुद्र तीन विरुद्ध दोन मतांनी हरला, सासूबाईंचं मत निर्णायक ठरलं.

टेम्पोवाल्या मामांचा नंबर कृपया कुणी मागू नका. "सायकल ट्रान्सपोर्ट चालू केलास काय रे?" म्हणून बाजारात त्यांची आधीच पुरेशी चेष्टा झालीय.