ध्यान रोज करा, गोळ्याही रोज घ्या

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: रोज वीस मिनिटं ध्यान केलं की महिन्याभरात बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात, वीस मिनिटांचं ध्यान म्हणजे चार तासांची झोप, आठ आठवड्यांत मेंदू वाढतो, विचार थांबले नाहीत तर ध्यान चुकतंय, आणि ध्यानाने अपाय कुणालाच होत नाही. मी अनेक वर्षं ध्यान करते, उपवन तळ्यावर सकाळी जमणाऱ्या आमच्या गटात नव्यांना बसायला शिकवते. म्हणूनच हा मेसेज हात जोडून पुढे ढकलणं मला जमत नाही.

आधी गोळ्या, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. आमच्यातल्या एका काकांनी असंच काहीतरी वाचून बीपीची गोळी परस्पर बंद केली. काही दिवसांत डोकं जड, मानेत ठणका. मुलीने घरच्या मशीनवर मोजलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे. "ध्यान तर एक दिवस चुकवलं नाही, मग वाढलं कसं?" असं ते कळवळून विचारत होते. ध्यानाने बीपी उतरलं तरी थोडंसंच उतरतं, तेही सगळ्यांचं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली उपलब्ध अभ्यास तपासले आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करून पाहायला हरकत नाही, एवढंच म्हटलं. शिवाय हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी आणि हृदयाचे ठोके उसळू शकतात. गोळी कमी करायची तर डॉक्टर करतील, आकडे बघून, हळूहळू. शुगरचंही तेच.

झोपेचा हिशोब तर सरळ खोटा आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रात्री उशिरा घरी येऊन पहाटे उठणाऱ्याला तो गोड वाटणारच. पण गाढ झोपेतलं काम जागं बसून होत नाही. ध्यानात सारखी डुलकी लागत असेल तर आधी पुरेसं झोपा.

मेंदूचं म्हणाल, तर २०११ सालच्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या कोर्सनंतर मेंदूच्या काही भागांत फरक दिसला होता, बातमी तिथूनच पसरली. २०२२ साली दोनशेहून जास्त लोकांवर तेच तपासलं, तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा बदल सापडला नाही.

मग ध्यानाने मिळतं काय? पुष्कळ मिळतं! २०१४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक पण खरा फरक दिसला. २०२२ साली चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चिंता-नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रॅम या औषधाची गोळी, निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा कोर्स. आराम साधारण सारखाच पडला. पण त्या कोर्समध्ये दर आठवड्याला वर्ग होता आणि घरी रोज पाऊण तास सराव. चालू गोळी सोडायची परवानगी म्हणून हे वाचू नका; नेमाने बसण्याची ताकद म्हणून जरूर वाचा.

विचार थांबण्याच्या अटीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. चांगली चांगली माणसं त्यापायी आठवड्यात ध्यान सोडतात. नाकपुडीशी श्वासाचा गारवा जाणवतोय तोवर मन दुधाच्या पिशवीकडे, तिथून ईएमआयकडे, तिथून साहेबांच्या कालच्या बोलण्याकडे जातं. जाणारच. गेलेलं लक्षात आलं, न चिडता श्वासावर परत आणलं, की झालं ध्यान. एका बैठकीत हे कितीही वेळा होवो, प्रत्येक परत येणं हा सरावच आहे. ही सवय मुरली की साहेब बोलतात तेव्हाही उत्तर द्यायच्या आधी एक श्वास मिळतो. तो माझ्या घरच्यांनाही जाणवलाय.

राहिला अपाय. बहुतेकांना होत नाही, पण काहींची घबराट वाढते, जुने आघात उसळून वर येतात, विशेषतः दहा-दहा दिवसांच्या मौन शिबिरांत. पूर्वी तीव्र मानसिक आजार झालेला असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये. बसल्यावर छाती धडधडू लागली तर डोळे उघडा, उठा, तळ्याला एक फेरी मारा. त्रास टिकला तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, आणि तिथे मराठीत बोलता येतं.