लेबनॉनमध्ये पुढारी व्हायचंय? आधी मोजदाद थांबवा

मरेपर्यंत पुढारी राहायचं, मागे पोराला गादी द्यायची आणि अधूनमधून येणाऱ्या निवडणुकांची फार दगदग नको, अशी तुमची माफक इच्छा असेल तर बैरूत गाठा. तिथे अशा माणसाला जईम म्हणतात. हे घटनेतलं पद नव्हे, त्याला शपथही नसते. तरी सरकारी नोकरीपासून इस्पितळातल्या खाटेपर्यंत बरंच काही जईमच्या शब्दावर हलतं. वडील जईम असतील तर उत्तम. नसतील तर एखादं यादवी युद्ध गाठून टोळी उभी करा. तेही चालतं.

सुरुवात जनगणनेपासून करा, म्हणजे ती करू नका. लेबनॉनची शेवटची अधिकृत शिरगणती १९३२ साली, फ्रेंचांच्या अमलाखाली झाली. तीत ख्रिस्ती थोडक्या फरकाने जास्त भरले, आणि देश सोडून गेलेल्यांनाही धरल्यामुळे तो फरक जरा बाळसेदार दिसला. त्याच आकड्यांवर १९४३ साली बिशारा अल-खूरी आणि रियाद अल-सुल्ह या दोन नेत्यांनी तोंडी ठरवून टाकलं की राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी. पुढे सभापतीची खुर्ची शियांची झाली. संसदेत पाच मुस्लिमांमागे सहा ख्रिस्ती. नंतर लोकसंख्या बदलली, हे देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मोजायचं कुणी? अळीमिळी गुपचिळी. यादवी युद्धात चौदा वर्षं एकमेकांना मारून झाल्यावर १९८९ साली सौदी अरेबियातल्या ताइफ गावी बसून हे प्रमाण निम्मं-निम्मं करण्यात आलं. आज १२८ जागा आहेत. मॅरोनाइट ३४, सुन्नी २७, शिया २७, द्रुझ ८, अलवी २, अर्मेनियन कॅथलिक १, अशी ती यादी सरकते. मान्यताप्राप्त पंथ एकूण १८. ताइफनंतरच्या घटनेत पंथवादी राजकारण संपवणं हे राष्ट्रीय ध्येय म्हणून लिहिलेलं आहे, त्यासाठी एक समितीही सांगितली आहे. ती समिती अजून नेमायची आहे. घाई कशाला?

न मोजण्याचा फायदा लक्षात घ्या. आकडा कुणालाच माहीत नसला की प्रत्येक पंथाला ‘आपण कमी होतोय’ असं सांगता येतं, आणि खोटं पाडायला कुणी येत नाही. ही भीती हेच तुमचं भांडवल. ते रोजच्या जगण्यात मुरवा. लग्न धर्मगुरूपुढेच लागेल असं बघा. ज्यांना साधं नोंदणी लग्न हवं ते विमानाने सायप्रसला जाऊन लावून येतात, आणि गंमत म्हणजे परत आल्यावर सरकार ते मान्यही करतं. लेबनीज बाईने परदेशी नवरा केला तर मुलांना नागरिकत्व देऊ नका, १९२५ चा कायदा तुमच्या पाठीशी आहे. मतदान माणूस राहतो तिथे नको, आजोबांचं नाव ज्या गावच्या दप्तरात आहे तिथे ठेवा. मतदार बैरूतमध्ये जन्मला, तिथेच वाढला, तरी मतापुरता तो डोंगरातल्या त्या खेड्याचाच, जिथे तुमची माणसं त्याच्या चुलत्याला ओळखतात.

जंगलरक्षकांचं उदाहरण तर नव्या उमेदवाराने पाठच करावं. त्यांनी स्पर्धा परीक्षा दिली, पास झाले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पास झालेल्यांत ख्रिस्ती फार कमी आहेत, तोल जातो. नेमणुका अडल्या त्या अडल्याच. २०१९ च्या ऑक्टोबरात डोंगर पेटले तेव्हा जंगलात रक्षक कमी होते. पंथांचा तोल मात्र शाबूत होता.

खुनाबिनांची काळजी करू नका. त्या यादवीत सुमारे दीड लाख माणसं मेली, हजारो बेपत्ता झाली, आणि १९९१ साली संसदेने माफीचा कायदा केला. त्यात अपवाद फार विचारपूर्वक घातलेला आहे. राजकीय आणि धार्मिक नेत्यांच्या हत्यांना माफी नाही. सामान्य माणसांच्या हत्यांना आहे. कायदा कुणी लिहिला असेल, हे कळायला वकील व्हावं लागत नाही.

आता परराष्ट्र धोरण. देशाचं नव्हे, तुमचं स्वतःचं. प्रत्येक जईमला बाहेरचा एक मामा लागतो. कुणाचा रियाधला, कुणाचा तेहरानला, कुणाचा पॅरिसला, आणि बराच काळ जवळजवळ सगळ्यांचाच दमास्कसला असे. मामाशी वागायची रीत सांभाळा, कारण मामा रागावला की पंचाईत होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी साद हरीरी रियाधला गेले असताना तिथूनच टीव्हीवर दिसले आणि लेबनॉनच्या पंतप्रधानपदाचा राजीनामा वाचून मोकळे झाले. बैरूतमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणाले, आमचा माणूस तिथे अडकवलाय. मग फ्रान्सचे मॅक्रॉन मध्ये पडले, हरीरी पॅरिसमार्गे घरी आले, आणि डिसेंबरमध्ये राजीनामा मागे घेतला. आपला पंतप्रधान परत मिळवायला तिसऱ्या देशाची मध्यस्थी लागावी, याला मुत्सद्देगिरीचं यश म्हणतात.

जिभेला लगाम हवाच. जॉर्ज कुर्दाही हे करोडपती छापाच्या प्रश्नमंजूषेच्या अरबी अवताराचे लाडके सूत्रधार. २०२१ साली ते माहितीमंत्री झाले. मंत्री होण्याआधी त्यांनी येमेनमधल्या सौदीच्या युद्धावर काही टीका केली होती, ती नंतर प्रक्षेपित झाली. सौदीने लेबनॉनच्या राजदूताला घरी पाठवलं, माल घेणं बंद केलं. फळं-भाजी तर त्याआधीच, एप्रिलपासून बंद होती, कारण डाळिंबांत नशेच्या गोळ्या सापडल्या होत्या. महिनाभर ताणून कुर्दाहींनी डिसेंबरात राजीनामा दिला. चुकीच्या उत्तरावर स्पर्धक घरी जातो, हा नियम त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला पाठ असणार?

वैर करा, पण वाळूवर लिहा. तेव्हाचे लष्करप्रमुख मिशेल औन यांनी १९८९ साली सीरियाच्या फौजेविरुद्ध मुक्तियुद्ध पुकारलं, हरले, चौदाएक वर्षं फ्रान्समध्ये काढली. परत आल्यावर वर्षाच्या आत, फेब्रुवारी २००६ मध्ये, त्यांनी सीरियाच्या मित्राशी, म्हणजे हिजबुल्ला या शियांच्या सशस्त्र संघटनेशी, चर्चमध्ये बसून समझोता केला. द्रुझांचे जईम वलीद जुंबलात यांच्या वडिलांचा, कमाल जुंबलात यांचा, १९७७ साली खून झाला. संशय दमास्कसवर. सुतक संपल्यावर मुलगा दमास्कसला जाऊन सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद यांच्याशी हस्तांदोलन करून आला. पुढे त्याने हाफिजच्या गादीवर आलेल्या मुलाला, बशारला, शिव्या घातल्या, २०१० साली पुन्हा भेटही घेतली. यात विसंगती शोधणाऱ्याने पत्रकार व्हावं. जईमगिरी त्याच्या आवाक्यातली नाही.

सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे काही न करणं. प्रत्येक पंथाची संमती लागते, म्हणून कुणा एकाला सगळं अडवता येतं, आणि अडलं की दोष कुणा एकाचा नसतो. २००८ साली दोहात झालेल्या समझोत्यात मंत्रिमंडळात विरोधकांना एक तृतीयांशाहून जास्त खुर्च्या देऊन ही सोय पक्की करून घेतली गेली. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची २०१४ च्या मे महिन्यात रिकामी झाली ती २०१६ च्या ऑक्टोबरात, संसदेच्या ४६ व्या बैठकीत भरली. त्या दिवशीही हजर खासदार १२७ आणि पेटीत पाकिटं १२८. मतदान पुन्हा घ्यावं लागलं. २०२२ साली खुर्ची परत रिकामी. त्या फेऱ्यांत कुणी नेल्सन मंडेलांना मत दिलं, कुणी चिलीच्या आयेंदेंना. दोघेही दिवंगत असल्याने बाहेरच्या मामांना आक्षेप नव्हता. संसदेचीही तीच तऱ्हा: २००९ नंतर निवडणूक थेट २०१८ साली, मधली वर्षं खासदारांनी स्वतःच स्वतःला वाढवून दिली.

लोक कधी तरी रस्त्यावर येतील. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सअॅप कॉलवर कर लावायची कल्पना सरकारला सुचली आणि सुन्नी, शिया, ख्रिस्ती, द्रुझ सगळ्या पुढाऱ्यांविरुद्ध एकत्र ओरडू लागले, ‘सगळे म्हणजे सगळे!’ घाबरू नका. प्रत्येक जईमने आपल्या माणसांना एवढंच सांगायचं की ‘सगळे’ बरोबर आहे, पण आपल्याला यात उगाच ओढलंय. काही महिन्यांत देशाने कर्ज बुडवलं, बँकांनी लोकांचे डॉलर अडकवले, आणि गर्दी मोर्चाकडून बँकेच्या दाराकडे वळली.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात सहा वर्षं पडून असलेलं २७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, दोनशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी चौकशीला नाही म्हणू नये. न्यायाधीश तारिक बितार यांच्याविरुद्ध फक्त अर्ज करत राहायचे, तेही वेगवेगळ्या पंथांच्या माजी मंत्र्यांनी. राष्ट्रीय ऐक्य दिसतं. वर्षाहून जास्त काळ तपास ठप्प राहिला. जानेवारी २०२३ मध्ये बितार पुन्हा कामाला लागले, तेव्हा सरकारी वकिलांच्या प्रमुखांनी उलट त्यांच्यावरच आरोप ठेवले आणि अटकेतल्या सगळ्यांना सोडून दिलं.

सध्या मात्र जरा सांभाळून. इस्रायलशी झालेल्या युद्धाने हिजबुल्लाचं कंबरडं मोडलंय, डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसचा मामा मॉस्कोला पळाला. ९ जानेवारी २०२५ रोजी दुसरे एक औन, लष्करप्रमुख जोसेफ, राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या फेरीत ७१ मतं. मग सभापतींनी दोन तास विश्रांती जाहीर केली, आणि दुसऱ्या फेरीत ९९. त्या दोन तासांत काय शिजलं हे विचारू नका, शिकून घ्या. सभापती तेच, नबीह बेर्री, १९९२ पासून. पंतप्रधान म्हणून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष नवाफ सलाम आले, सुधारणांची भाषा झाली, जग टाळ्या वाजवू लागलं. फेब्रुवारीत मंत्रिमंडळ जाहीर झालं. अर्थखातं शियांकडे, आणि त्यावर बसलेला माणूस बेर्रींच्या पसंतीचा. खर्चाच्या प्रत्येक हुकमावर मॅरोनाइट आणि सुन्नी सहीशेजारी तिसरी सही त्याची लागते. तुम्हाला एकच खातं मागता येणार असेल, तर कुठलं मागायचं ते आता कळलं असेल.